हेडफोनला बास का येत नाही?

गणेशपुरीच्या बाजारात माझ्या भाच्याचे मोबाईलच्या सामानाचे छोटे दुकान आहे. चार्जर, कव्हर, काच आणि हेडफोन, एवढाच व्यवसाय. गरम पाण्याच्या कुंडावर येणारे यात्रेकरू, वज्रेश्वरीहून उतरणारे पर्यटक आणि भिवंडीत यंत्रमागावर कामाला जाणारी आसपासच्या गावांतली मुले हे त्याचे गिऱ्हाईक. गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात त्याच्याकडे पाच हेडफोन परत आले. तक्रार पाचांचीही एकच, 'बास येत नाही.' भाचा हवालदिल होऊन म्हणाला, ''मामू, लॉटच खराब लागला. सगळा माल परत पाठवतो.''

मी कापडाचा माणूस. ग्रे कापडाचा तागा परत आला तर आधी तो मेजावर उलगडून पाहायचा आणि मग मागवाल्याशी भांडायचे, ही आमच्या धंद्याची रीत. म्हणून पाचही हेडफोन घरी आणले आणि भाच्याला समोर बसवून एकेक ऐकले. पाचांपैकी चार निर्दोष निघाले. पाचवा बिघडला होता, पण तोही कारखान्यात नव्हे, दुरुस्तीत. त्या पाच हेडफोनांनी जे शिकवले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

बास म्हणजे नेमके काय?

आवाज म्हणजे हवेचा कंप. सेकंदाला किती कंप होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते. त्यातला तळाचा, सुमारे २५० हर्ट्झपर्यंतचा भाग म्हणजे खर्जाचा आवाज. मुले त्यालाच बास म्हणतात. चौकातला विजेचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो १०० हर्ट्झच्या सुराने, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि गुणगुण तिच्या दुपटीने होते. तबल्याच्या जोडीतला डग्गा हे बासचे उत्तम उदाहरण. वादक मनगटाने पुडी दाबतो तेव्हा जो घुमारा वरखाली सरकतो, तो स्पष्ट ऐकू आला तर तुमच्या हेडफोनचा बास ठीक आहे असे समजावे.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. पुष्कळ बास वेगळा आणि दणका देणारा बास वेगळा. दणका येतो तो साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा ठोका जोरात सुरू होऊन तितक्याच चटकन थांबला तर. २०० ते ३०० हर्ट्झचा भाग वाढला तर आवाज मोठ्या पिंपातून आल्यासारखा घुमतो, गायकाचा गळा बसल्यासारखा वाटतो आणि ठोका त्यात बुडून जातो. पुष्कळ लोक हा घुमटपणा वाढवतात आणि वर दणका नाही म्हणून तक्रार करतात.

पहिला आणि दुसरा हेडफोन : फट

पहिला हेडफोन कानात घालायच्या प्रकारचा होता. गिऱ्हाइकाने पाकिटातली रबरी टोपी बदललीच नव्हती. त्याच्या कानाला ती लहान पडत होती. मोठी टोपी लावताच बास आला. खर्च शून्य.

याचे कारण साधे आहे. हेडफोनच्या आत एक पातळ पडदा मागेपुढे हलतो. बाकीचे सूर काढायला त्याला थोडीच हवा हलवावी लागते, पण खर्जासाठी सावकाश आणि पुष्कळ हवा दाबावी लागते. कान आणि हेडफोन यांच्यात जराशी फट राहिली की ती हवा निसटते. वायसर गेलेल्या पंपाने सायकलच्या चाकात हवा भरली जात नाही, तसलाच हा प्रकार. वरचे सूर फटीतूनही कानाला पोचतात, म्हणून माणसाला वाटते की यंत्र चालू आहे, फक्त बास नाही.

दुसरा हेडफोन कानावर बसणारा, वाट्यांचा होता. त्याच्या मालकाला चष्मा आहे. चष्म्याची दांडी गादीखाली येऊन दोन्ही बाजूंना फट पडत होती. दाट दाढी, कानांवर आलेले केस, कानापर्यंत ओढलेली टोपी यांनीही हेच होते. गादीचे रेक्झिन सोलवटले किंवा आतला फोम चपटा झाला तरी हेच. अशा वेळी नवा हेडफोन न घेता नव्या गाद्या घ्याव्यात. त्या स्वस्त पडतात आणि हाताने बदलता येतात. चष्मेवाल्यांनी जाड, मऊ गादीचा माल घ्यावा किंवा कानात घालायचा प्रकार वापरावा.

याची परीक्षा कोणालाही घरी करता येते. गाणे चालू ठेवून दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच कानांवर दाबा. बास लगेच वाढला तर दोष फटीचा आहे, यंत्राचा नव्हे. कानातला हेडफोन घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी म्हणजे तो नीट बसतो. दोन कानांना दोन मापांच्या टोप्या लागल्या तर लावाव्यात. सगळ्यांचे दोन्ही कान सारखे नसतात. तोंडाच्या जाळीत मळ साचला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढावा. बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे भोक दिसले तर ते बुजवू नये. पुष्कळ हेडफोनांत ते पडद्याला मोकळे हलता यावे म्हणून मुद्दाम ठेवलेले असते.

तिसरा आणि चौथा : पिन आणि वायर

तिसऱ्या हेडफोनमध्ये बासबरोबर गायकाचा आवाजही गायब होता; मागची वाद्ये मात्र दुरून आल्यासारखी ऐकू येत होती. गिऱ्हाइकाच्या फोनचे कव्हर जाड होते आणि त्यामुळे पिन पूर्ण आत जात नव्हती. पिन अर्धवट राहिली की दोन्ही कानांची सामाईक तार तुटल्यासारखी होते. मग दोन्ही बाजूंना जे सारखे असते ते वजा होते आणि जे वेगळे असते तेवढेच उरते. गायकाचा आवाज आणि बास हे सहसा दोन्ही बाजूंना सारखेच भरलेले असतात, म्हणून नेमके तेच नाहीसे होतात. कव्हर काढले, पिन दाबली, तक्रार मिटली.

चौथा हेडफोन खरोखर बिघडलेला. वायर तुटल्यावर मालकाने ती एका कारागिराकडून जोडून घेतली होती आणि त्यात एका कानाच्या दोन तारा उलट लागल्या होत्या. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. अशा वेळी बास पोकळ वाटतो आणि आवाज डोक्याच्या मध्यभागी येत नाही. दुरुस्ती करणाऱ्या बांधवांनी लक्षात ठेवावे : बहुतेक वायरींत लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची सामाईक असते. तरीही जोडण्यापूर्वी उघडून पाहावे आणि जोडल्यावर डग्ग्याचा ठोका मधोमध येतो की नाही हे ऐकूनच माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. तारांवरचे रंगीत लाखेचे आवरण जाळल्याशिवाय झाळ नीट बसत नाही, हेही विसरू नये.

बिनतारी हेडफोनवाल्यांसाठी एक गोष्ट. फोन किंवा संगणकावर माइक चालू असेल तर बिनतारी हेडफोन पुष्कळदा बोलण्याच्या पद्धतीवर जातो आणि सगळाच आवाज पातळ होतो. कॉल बंद करून गाणे पुन्हा ऐकावे, मगच तक्रार करावी.

इक्वलायझर : वाढवण्याआधी कमी करा

पाचांपैकी तिघांच्या फोनमध्ये 'बास बूस्ट' शेवटपर्यंत ओढलेला होता आणि आवाज फाटत होता. आजची बहुतेक गाणी आधीच शिगोशीग भरलेली असतात. काठोकाठ भरलेल्या टेम्पोवर आणखी चार गाठी टाकल्या तर त्या खालीच पडणार. बास ६ डेसिबलने वाढवायचा म्हणजे पडद्याला त्या भागात चौपट शक्ती लागते. लहानसा पडदा ती झेलू शकत नाही आणि दणक्याऐवजी फडफड येते.

म्हणून उलट मार्गाने जावे. पुष्कळ फोनांत ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झ अशा पाच दांड्या असतात. ६० ची दांडी ३ ते ४ डेसिबल वर घ्यावी, २३० ची २ ते ३ खाली आणावी आणि ९१० ची १ ते २ खाली. बाकीच्या शून्यावर राहू द्याव्यात. 'प्रीअँप' नावाची दांडी असेल तर ती ४ ने खाली ओढावी. एकूण आवाज थोडा कमी वाटेल, पण ठोका मोकळा होऊन पुढे येईल. दणका हवा असेल तर त्याच्या भोवतीची गर्दी हटवणे हाच उपाय.

जे गाण्यात भरलेलेच नाही ते मात्र कोणतीही दांडी आणू शकत नाही. गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा कर्ण्यासमोर गावे लागे. विजेच्या माइकने ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ उतरलाच नाही. त्यासाठी हेडफोनला दोष देऊ नये.

डब्यावरच्या आकड्यांनाही भुलू नये. '४० मिलिमीटरचा पडदा' किंवा 'एक्स्ट्रा बास' हे तागाच्या किनारीवरच्या शिक्क्यासारखे असते. कापड हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वेगळ्या अँप्लिफायरची गरजही थोड्यांनाच असते. १६ ते ३२ ओहमचा नेहमीचा हेडफोन फोनवर व्यवस्थित चालतो. २५० ओहमचा स्टुडिओतला माल घेतला तरच त्याचा विचार करावा.

पाचवा हेडफोन : जागा

पाचवा हेडफोन भिवंडीच्या एका गाळ्यात काम करणाऱ्या तरुणाचा. गणेशपुरीत रात्री ऐकला तेव्हा बास उत्तम होता. दुसऱ्या दिवशी अंबाडी नाक्यावरून भिवंडीला जाताना तोच सोबत घेतला आणि त्याच्या गाळ्याच्या दाराशी उभे राहून तेच गाणे लावले. बास पार नाहीसा.

यात जादू नाही. आपला कान खर्जाच्या बाबतीत मुळातच मंद आहे. ५० हर्ट्झचा आवाज जेमतेम ऐकू येण्यासाठीसुद्धा १,००० हर्ट्झच्या आवाजापेक्षा सुमारे ४० डेसिबल अधिक जोर लागतो. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले की आवाज लहान असला की खर्ज आधी बुडतो. त्यात गाळ्यात शेकडो वेळा धोटा आदळतो, मोटारी घरघरतात. मागाच्या शेडमध्ये ९५ डेसिबल आणि त्याहून वरचा आवाज सर्वसाधारण आहे. त्या गोंगाटाखाली गाण्याचा खर्ज झाकला जातो, आणि तो वर आणण्यासाठी मुलगा आवाज शेवटपर्यंत वाढवतो.

इथे प्रश्न बासचा राहत नाही, कानाचा होतो. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाबद्दल तज्ज्ञांचा हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास चालते, पण दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. गाळ्यातला कामगार तर बारा तास उभा असतो. त्यावर हेडफोनचा मारा.

हे मी स्वतःवरून सांगतो. तरुणपणी माझी बरीच वर्षे गाळ्यात गेली. पन्नाशीत कानाची तपासणी केली तेव्हा आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खड्डा निघाला. गोंगाटाने गेलेल्या कानाची तीच खूण असते. खर्ज मला आजही तुमच्याइतकाच ऐकू येतो, पण 'स' आणि 'श' निसटतात. फोनवर भाव ठरवताना 'साठ' मला 'आठ' ऐकू येते. एकदा 'साठ तागे' सांगितलेले मी आठ लिहिले आणि कायमचा गिऱ्हाईक गमावला. गेलेला हा कान परत येत नाही. यंत्र लावून फक्त निभावता येते.

गोंगाट कापणारे हेडफोन निघाले आहेत. बस, रेल्वे, विमान यांची एकसुरी घरघर ते चांगली कमी करतात आणि प्रवासात कमी आवाजातही बास ऐकू येतो. पण गाळ्यात ते वापरू नयेत. धोट्याचा आदळता आवाज त्यांनी नीट कापला जात नाही, आणि निसटलेला धोटा किंवा सोबत्याची हाक कानावर आली नाही तर जिवावर बेतेल. गाळ्यात गाणे नको. तिथे कानात फोमचे बोळे घालावेत आणि गाणे घरी शांततेत ऐकावे.

दुकानदारांसाठी

भाच्याने लॉट परत पाठवला नाही. दुकानात त्याने तिन्ही मापांच्या टोप्यांची पाकिटे आणि दोन-तीन प्रकारच्या गाद्या ठेवल्या. आता विकण्यापूर्वी तो तीन प्रश्न विचारतो : चष्मा आहे का, फोनचे कव्हर जाड आहे का, आणि ऐकणार कुठे? मग दुकानातच डग्ग्याचा तुकडा ऐकवतो. ''गाळ्यात ऐकायला'' असे उत्तर आले तर हेडफोनऐवजी तो कानातल्या बोळ्यांची जोडी पुढे करतो. त्यात नफा थोडा आहे. पाचव्या हेडफोनचा तो तरुण मात्र गेल्या आठवड्यात आणखी चार सोबत्यांना घेऊन आला. चौघांनीही बोळेच नेले.