रक्तातली डोलकाठी

दोस्तांनो, घरात कुणाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तर आई चटकन म्हणते, "माझं एक घ्या!" पण डॉक्टर आधी रक्तगट विचारतात. द्यायचं मूत्रपिंड, मग रक्तगटाची चौकशी कशाला?

चला मालवणला! समजा, तुम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर पहारा देताय. गलबत दिसलं की आधी डोलकाठीवरचं निशाण बघणार. आपलं असेल तर येऊ द्यायचं, परकं असेल तर तोफ डागायची! रक्तातही असे पहारेकरी असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. 'ए' गटाच्या तांबड्या पेशींवर 'ए' निशाण, 'बी'वर 'बी', 'एबी'वर दोन्ही. 'ओ'ची डोलकाठी मात्र रिकामी.

हीच निशाणं मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात, बरं का! म्हणून 'ए'चं मूत्रपिंड 'बी'ला बसवलं तर पहारेकरी तुटून पडतात. 'ओ'चं मूत्रपिंड 'ए', 'बी', 'एबी' सगळ्यांना चालतं, पण 'ओ'च्या रुग्णाला मात्र 'ओ'चंच लागतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे अडसर नाही. आता औषधांनी पहारेकऱ्यांना आवरून वेगळ्या गटाचं मूत्रपिंडही बसवता येतं, पण ते काम अवघड आणि खर्चाचं.

आता खरी गंमत ऐका. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक वेगळाच रक्तगट सापडला. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ'सारखा दिसे, पण त्याला 'ओ'चं रक्त मुळीच चालेना! कारण या लोकांच्या रक्तात डोलकाठीच नव्हती. त्या डोलकाठीचं शास्त्रीय नाव 'एच'. ती कधी पाहिलीच नाही, म्हणून त्यांचे पहारेकरी 'ओ'वरही हल्ला करतात. या गटाला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो, असं मानतात. युरोपात तर तो फारच दुर्मीळ.

अशा माणसाला रक्त कुणाचं चालणार? फक्त त्याच्याच गटाचं. मे 2024 मध्ये इंदूरला एका महिलेला या रक्ताची गरज पडली, तेव्हा शिर्डीचा एक फुलव्यापारी चारशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून तिथे पोचला!

बरं, गट जुळला नाही तर आईनं हात टेकायचे का? छे! समजा, एका घरात आई 'ए' आणि मुलगा 'बी'. दुसऱ्या घरात नेमकं उलटं. मग दोन्ही घरांनी अदलाबदल करायची! 2011 साली अवयवदानाच्या कायद्यात झालेल्या सुधारणेनं त्याला वाट मोकळी झाली.

रक्तदानाला अठरा वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा तुमची पाळी अजून यायचीय. पण एक काम आजच करा. घरातल्या सगळ्यांचे रक्तगट वहीत लिहून ठेवा. आणि कुणाचा गट 'बॉम्बे' निघालाच, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचंही रक्त तपासायला सांगा. प्रत्येकाचा तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. हजारोंत शोधायचा माणूस कदाचित शेजारच्याच पाटावर जेवत असेल!