इंग्रजी वाचतां येणें आणि बोलतां येणें

शेगांवास उतरणारे बहुतेक लोक श्रीगजाननमहाराजांच्या समाधीचें दर्शन घेऊन परतीची गाडी गांठतात. कांहीं तरुण मात्र चार वर्षांच्या बेतानें येतात. कारण १९८३ सालीं येथें महाराजांच्या नांवाचें इंजिनियरिंग कॉलेज निघालें. खेड्यांतल्या मराठी शाळेंतून जो मुलगा अशा कॉलेजांत जातो, त्याची पहिली झटापट पुष्कळदां गणिताशीं नसते, इंग्रजीशीं असते. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकवूं लागले; म्हणजे बारा वर्षें ती भाषा त्याच्या कानांवरून गेलेली असते. ग्रंथ उघडला तर अर्थ लागतो. पण प्राध्यापकांनीं उभें करून विचारलें, कीं उत्तर ठाऊक असूनहि दातखीळ बसते. आणि शेवटच्या वर्षीं नोकरीच्या मुलाखतींत या मौनाचा अर्थ ‘याला कांहीं येत नाहीं’ असा केला जातो.

याचें कारण बुद्धीचें मांद्य नव्हे. तो वाक्य आधीं मराठींत रचतो, मग शब्दास शब्द ठेवूं लागतो. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेनें महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी लिहावयास लावलें. तिचे उपकार मोठे आहेत. परंतु लेखणी थांबली तर कागद वाट पाहतो. समोरचा माणूस पाहत नाहीं.

शिवाय दोन भाषांचे सांधे एकमेकींत बसत नाहींत. ‘मी चार वर्षांपासून शेगांवांत राहतों’ हें मराठींत निर्दोष आहे. त्याचेंच ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन शेगांव सिन्स फोर इयर्स’ केलें, कीं एका वाक्यांत दोन चुका होतात. पूर्वीं सुरू होऊन अद्याप चाललेल्या क्रियेस इंग्रजींत ‘हॅव बीन’ लागतें. आणि मराठींतलें ‘पासून’ आरंभाचा क्षण व मधला काळ या दोहोंस चालतें, तर तेथें क्षणास ‘सिन्स’ व काळास ‘फॉर’ असे निराळे शब्द आहेत. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन शेगांव फॉर फोर इयर्स’ हें सबंध वाक्यच तोंडांत बसवावें. मग त्यांत गांवाचें नांव बदलावें, वर्षें बदलावीं, क्रियापद बदलावें. अशीं पन्नास वाक्यें जिभेवर खेळूं लागलीं, तर नियम आठवीत बसावें लागत नाहीं.

उच्चाराची गोष्ट थोडी निराळी. मराठी बोलतांना अक्षरांवर साधारण सारखा भार पडतो. इंग्रजींत एका अवयवावर जोर येतो आणि तो जागा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्यें तो पहिल्यावर, ‘फोटोग्राफी’मध्यें दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्यें तिसऱ्यावर. हा जोर चुकला तर ओळखीचा शब्दहि ऐकणाऱ्यास परका वाटतो. तेवढें साधलें म्हणजे पुरे. साहेबी हेल काढण्याचा खटाटोप व्यर्थ, आणि बहुधा हास्यास्पदहि.

वऱ्हाडांतलेच उदाहरण पाहावयाचें तर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८). लोकमान्यांचे हे स्नेही नामांकित वकील होते व विनोदी वक्ते म्हणून त्यांची ख्याति होती. टिळकांच्या शिक्षेनंतर १९०८ सालीं ते त्या खटल्याच्या कामासाठीं विलायतेस गेले आणि दोन वर्षें राहिले. ते इंग्रजींत दैनंदिनी लिहीत. शिर्डीच्या मुक्कामांतील तिचीं पानें प्रसिद्ध झालीं आहेत. पहाटे उठणें, प्रार्थना, कोण आलें, काय बोलणें झालें, असाच मजकूर. वाक्यें आंखूड, अलंकार नाहींत. दैनंदिनीमुळेंच त्यांस इंग्रजी आलें असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु आपलाच दिवस परक्या भाषेंत रोज सांगावयाचा, हा परिपाठ विद्यार्थ्यास फुकट मिळण्यासारखा आहे. रात्रीं पांच ओळी लिहाव्या, मराठीचा आधार न घेतां, आणि मोठ्यानें वाचाव्या.

दुसरें साधन कान. रेडिओवरील इंग्रजी बातम्यांचा एखादा मिनिटाचा तुकडा ध्वनिमुद्रित करून घ्यावा व निवेदकाच्या पाठोपाठ म्हणावा, आठवडाभर तोच. रोज नवा घेतला कीं कानास मौज वाटते, जिभेस कांहीं मिळत नाहीं.

राहतो तो लाजेचा प्रश्न, आणि तोच सर्वांत बिकट. वर्गांत एकाची चूक झाली कीं दहा जण हंसतात, व त्या हंशानें उरलेल्या चाळिसांचीं तोंडें बंद होतात. त्यावर वसतिगृहांतल्या दोघा मित्रांनीं आपसांत ठराव करावा. सायंकाळीं खामगांवच्या रस्त्यानें फिरावयास निघालें, कीं अर्धा तास इंग्रजीच बोलावयाचें; बोलणाऱ्यास मध्येंच अडवावयाचें नाहीं; शब्द न सुचला तर तो पदार्थ चार साध्या शब्दांनीं वर्णावयाचा. चुकांचा हिशेब परत आल्यावर, खोलीचें दार लावून.