नरक्या नावाचं अमृत

पावसाळ्यात आंबा घाटात जाता ना? कोल्हापुरातून निघायचं, मलकापूरला चहा-भजी, मग घाटाच्या तोंडाशी धुक्यात फोटो, वेळ उरला तर बर्कीचा धबधबा नाहीतर पावनखिंड. शाहूवाडी तालुका आपल्यापैकी बऱ्याच जणांना एवढाच माहीत असतो. या वेळी गेलात तर रानाच्या कडेला पाच मिनिटं थांबा आणि नाक उघडं ठेवा. काहीतरी सडल्यासारखा वास आला, तर मेलेलं जनावर शोधू नका. फिकट पिवळ्या, बारीक फुलांचे गुच्छ आलेलं एखादं मध्यम उंचीचं झाड जवळपास दिसतं का बघा. त्याचं नाव नरक्या.

नावातच नरक. शास्त्रज्ञांनीही काही दयामाया दाखवली नाही. त्याचं जुनं शास्त्रीय नाव मॅपिया फोटिडा. त्यातल्या फोटिडाचा अर्थच दुर्गंधी. आताचं नाव नोथापोडायटिस निमोनियाना. पण याच झाडाला मराठीत दुसरंही एक नाव आहे, अमृता. एकाच झाडाला नरकही आणि अमृतही, ही भानगड काय आहे ते समजून घ्यायचं तर शाहूवाडीतून थेट अमेरिकेत जावं लागेल.

1950 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल शेकडो वनस्पतींचे अर्क तपासत होते. शोध कर्करोगावरच्या औषधाचा नव्हताच. त्यांना हवा होता कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडेल असा कच्चा माल. तो शोध चालू असतानाच त्यांनी जवळपास हजार अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीला पाठवून दिले. त्यातला एकच अर्क ठळकपणे चालला. तो होता कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा. चीनमध्ये या झाडाला ‘आनंदवृक्ष’ म्हणतात, आणि त्याची काही झाडं कॅलिफोर्नियात लावलेली होती.

वॉल पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे 1962 मध्ये त्यांना एक सहकारी मिळाले, डॉ. मनसुख वानी. जन्म नंदुरबारचा, 1925 चा. बीएस्सी आणि एमएस्सी मुंबई विद्यापीठातून. काही वर्षं मुंबईत शिकवलं आणि मग पीएचडीसाठी इंडियाना गाठलं. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? वॉल आणि वानी यांनी वीस किलो लाकूड-साल घेऊन त्यातलं नेमकं काम करणारं द्रव्य वेगळं काढलं, त्याची रचना उलगडली आणि 1966 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या द्रव्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने 1971 मध्ये टॅक्सॉलचीही रचना जगापुढे आणली, जे आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात सर्रास वापरतात. एका माणसाच्या नावावर अशी दोन द्रव्यं असणं ही गोष्ट मला तरी शालेय पाठ्यपुस्तकात जावी इतकी मोठी वाटते. वानी 2020 मध्ये वारले. ते महिने कोविडचे होते.

आता परत आपल्याकडे या. 1972 मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी एक शोधनिबंध लिहिला. कॅम्प्टोथेसिन त्यांना सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं होतं. तेच आपलं नरक्या. चिनी झाडाशी याचं जवळचं नातं नाही, पण द्रव्य तेच, आणि प्रमाण कितीतरी जास्त. तोवर ज्या झाडाकडे वासामुळे लोक पाठ फिरवत होते, ते एकदम महाग झालं.

लगेच नाही म्हणा. कारण त्याच सुमारास अमेरिकेत औषध गटांगळ्या खात होतं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, मग ते शिरेतून द्यायचं कसं? त्यावर तोडगा म्हणून त्याचा सोडियम क्षार बनवला आणि रुग्णांना दिला. मूत्राशयातून रक्तस्राव, उलट्या, रक्तातल्या पेशींची घसरण असे परिणाम दिसले आणि फायदा फारच थोडा. चाचण्या थांबल्या. नंतर लक्षात आलं ते असं, की रेणूमधलं एक वर्तुळ बंद असेल तरच औषध काम करतं, आणि क्षार बनवताना नेमकं तेच वर्तुळ उघडत होतं. म्हणजे रुग्णांना जे दिलं त्यातला बराचसा भाग निकामी होता आणि त्रास मात्र पूर्ण. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. त्या चाचण्यांत खरी माणसं होती, त्यांच्या घरचे लोक बाहेर बाकड्यावर बसलेले होते. ‘क्लिनिकल ट्रायल’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

पुढची दहा-बारा वर्षं विषय थंड पडला. 1985 मध्ये हे द्रव्य पेशीत नेमकं काय करतं ते सापडलं, आणि गाडी पुन्हा रुळावर आली. ते काम समजायला सोपं आहे. गावाकडे चऱ्हाट वळताना बघितलंय? पीळ जास्त झाला की दोर स्वतःभोवतीच गुंडाळून गाठी मारतो. पेशी दोन होताना डीएनएची नक्कल काढावी लागते, त्यासाठी त्याचे दोन पदर उलगडावे लागतात, आणि पुढच्या भागात असाच पीळ साठत जातो. तो सोडवायला पेशीत एक विकर असतं, टोपोआयसोमरेज-1. ते दोनपैकी एक पदर कापतं, पीळ सुटू देतं आणि कापलेली टोकं परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन पाचरीसारखं अडकतं. जोडणी होत नाही. मागून नक्कल काढणारी यंत्रणा येऊन तिथे धडकते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांना हा मार जास्त बसतो. पण आपल्या आतड्याच्या अस्तराच्या आणि रक्त बनवणाऱ्या पेशीही भराभर विभागतात. केमोथेरपीत जुलाब का होतात, पांढऱ्या पेशी का कमी होतात, याचं उत्तर इथे आहे.

ही माहिती हातात आल्यावर मूळ रेणूला थोडा बदलून पाण्यात विरघळणारी औषधं बनवता आली. 1996 मध्ये अमेरिकेत टोपोटेकॅन अंडाशयाच्या कर्करोगासाठी आणि इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. 1966 ते 1996, मोजा. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर इरिनोटेकॅन हे नाव कदाचित एखाद्या फाइलमध्ये तुम्ही वाचलंही असेल. अलीकडे तर याच कुळातला रेणू प्रतिपिंडाला जोडून थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत पोचवणारी औषधंही आली आहेत.

आणि इथेच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण तुमच्या फॅमिली ग्रुपवर ती कधीतरी येणारच. नरक्याची साल उकळून काढा पिणं म्हणजे कर्करोगावरचा उपचार नव्हे. मूळ द्रव्य विष आहे, झाडागणिक त्याचं प्रमाण वेगळं असतं, आणि शुद्ध स्वरूपात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊनसुद्धा माणसांचं काय झालं ते तुम्ही वर वाचलंच आहे. मेसेज पाठवणाऱ्या काकांना नीट समजावून सांगा.

आता प्रश्न रानाचा. ही औषधं बनवायला लागणारं मूळ कॅम्प्टोथेसिन आजही मुख्यतः झाडांतूनच काढतात. मागणी वाढली तसा नरक्या तुटू लागला. फांद्या छाटून भागत नाही. खोड आणि मुळातही द्रव्य असतं, म्हणून अख्खं झाड पाडायचं, तुकडे करायचे, वाळवायचे, पोती भरायची. सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या जंगलपट्ट्यात वनखात्याने नरक्याचे साठे पकडल्याच्या बातम्या गेली कित्येक वर्षं अधूनमधून येत असतात. पकडला जातो तो बहुतेक वेळा तोडणारा किंवा टेम्पोवाला. त्याला किलोमागे जे मिळतं आणि परदेशात त्या औषधाच्या एका कुपीला जी किंमत पडते, त्यातलं अंतर काढायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मी तोडणाऱ्याची बाजू घेत नाहीये, पण धनगरवाड्यावरच्या पोराला गुन्हेगार म्हणून आपण मोकळं व्हायचं आणि पोती विकत घेणाऱ्याचं नावही कुणाला माहीत नसायचं, हे काही पटत नाही.

झाड न तोडता द्रव्य मिळेल का, यावर आपल्याच देशात चांगलं काम झालंय. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये नरक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. प्रमाण मात्र झाडाच्या तुलनेत कमी. 2005 मध्ये जम्मूच्या संशोधकांनी त्याहून भन्नाट गोष्ट सांगितली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी झाडाबाहेर काढून वाढवली, तरी ती स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते! मग काय, टाकीत बुरशी वाढवायची, झाडाला हात लावायचा नाही, असं चित्र उभं राहिलं. पण कॅम्प्टोथेकातल्या अशाच एका बुरशीवर काम करणाऱ्यांना दिसलं की प्रयोगशाळेत काही पिढ्या गेल्या की तिची ही क्षमता ओसरत जाते. झाडापासून तोडली की बुरशीही विसरते म्हणायची.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींनी वेगळी वाट धरली. सह्याद्रीभर हिंडून त्यांनी ठिकठिकाणच्या नरक्याचे नमुने तपासले. ठिकाणागणिक आणि एकाच ठिकाणच्या झाडांमध्येही कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण खूप वेगळं निघालं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कुठल्यातरी खोऱ्यातली चार-दोन झाडं बाकी शंभर झाडांपेक्षा भारी असू शकतात. त्यांच्या बिया, कलमं घेऊन शेताच्या बांधावर लागवड केली तर जंगलावरचा भार हलका होईल. पण ती चार झाडं तपासायच्या आधीच पोत्यात गेली, तर सांगणार कोण?

इथे तुमचा संबंध येतो. बॉटनी किंवा झूलॉजीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपण कसा करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सीनियरची फाइल घ्यायची, आकडे थोडे हलवायचे, स्पायरल बाइंडिंग करून सबमिशन. त्याऐवजी हे करून बघा. घराजवळच्या रानात वाटेवरून दिसणारी दहा-पंधरा नरक्याची झाडं हेरा. दर महिन्याला एकदा जायचं. पालवी कधी, फुलं कधी, त्यांवर कुठले किडे बसतात, फळं कधी जांभळी होतात, ती कोण खातं, खाली रोपं किती उगवली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटले असतील तर ते किती वाढले. लागतं काय? वही, मोजपट्टी, आणि आंब्याच्या जळवा सहन करायची तयारी. अशी नोंद दोन वर्षं सलग मिळणं बंगळूरच्या किंवा जम्मूच्या लॅबला अवघड आहे. त्यांना तिथून यावं लागतं. तुम्ही वडापने अर्ध्या-पाऊण तासात पोचता.

मात्र काही पथ्यं आहेत. वनखात्याची परवानगी आधी काढा, तोंडी नको, लेखी. चांदोलीचा भाग तर व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. नमुने म्हणून फांद्या तोडत सुटू नका. देवराईत गेलात तर गुरवाला, गावातल्या जाणत्यांना विचारून जा. त्यांच्या आठवणीत झाडांची जी यादी असते ती कुठल्याच पुस्तकात नसते. आणि फार महत्त्वाचं, झाडांचं लोकेशन इन्स्टावर टाकू नका. रील तुमच्या मित्रांबरोबर पोती भरणाराही बघतो. जगभर संकटग्रस्त प्रजातींवर काम करणारे लोक नेमकी जागा मुद्दाम धूसर ठेवतात.

मिळालेली माहिती फक्त मार्कांपुरती ठेवायची नसेल तर तीही सोय आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावातल्या जैविक संपत्तीचा कुणी व्यापारी वापर केला तर त्यातला वाटा गावाला मिळावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही बघायला मागा. ग्रामसेवक आधी कपाट शोधतील, मग चावी. वही निघालीच तर तिच्यात नरक्याचं पान आहे का बघा. नसेल तर तुमच्या नोंदी घेऊन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि ते पान लिहून घ्यायला लावा. यंदाची फुलं पावसाळ्यातच सुरू होतात, त्यामुळे परवानगीचा अर्ज आत्ताच टाकलेला बरा.