दूरदेशीचे ग्रह – भाग ७ : एकदाच उजळणारा तारा

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की ग्रह ताऱ्यापुढून सरकला की ताऱ्याचं तेज किंचित उतरतं. आजच्या पद्धतीत उलटा प्रकार. तारा उजळतो, आणि जो उजळतो त्याचा सापडणाऱ्या ग्रहाशी काडीचाही संबंध नसतो.

दूरच्या ताऱ्याच्या अगदी रेषेत जवळचा दुसरा तारा आला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागचा प्रकाश वाकतो, एकवटतो. मागचा तारा काही दिवस किंवा आठवडे तेजाळतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. हे गुरुत्वीय सूक्ष्मभिंग. पुढच्या ताऱ्याला ग्रह असला, तर तेजाच्या आलेखावर आणखी एक टेंगूळ उठू शकतं : गुरूएवढ्या ग्रहाचं दिवसभर, पृथ्वीएवढ्याचं काही तासच.

आइन्स्टाइननं १९३६ साली हे गणित छापलं, आणि असं काही दिसण्याची आशा नाही, असंही लिहिलं. तेव्हाच्या मानानं बरोबरच होतं. आकाशगंगेच्या मध्याकडे दहा लाख ताऱ्यांमागे एखाद्याचंच भिंग कुठल्याही क्षणी जुळलेलं असतं. रोज कोट्यवधी तारे मोजणारे कॅमेरे आणि संगणक आल्यावरच ते हाती लागू लागलं.

३१ जुलै २००५ ला असाच एक तारा तिपटीनं उजळून उतरणीला लागला होता. १० ऑगस्टला चिलीतल्या दुर्बिणीला त्या उतरणीवर छोटा उंचवटा दिसला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दुर्बिणींनीही तो टिपला. त्यातून निघाला पृथ्वीच्या साधारण साडेपाचपट वस्तुमानाचा, उणे २२० अंशांचा गारठलेला ग्रह, २० हजार प्रकाशवर्षांहून दूर. चिलीत उजाडलं की पहारा ऑस्ट्रेलियाकडे, ही साखळी तुटली तर ग्रह गेलाच. कारण ते दोन तारे पुन्हा रेषेत येत नाहीत. फेरतपासणीला जवळपास वाव नाही, हे या पद्धतीचं मोठं उणं. पण ताऱ्यापासून लांब, थंडीत फिरणारे हलके ग्रह शोधायला मला तरी हिच्या तोडीची दुसरी पद्धत दिसत नाही.

हेच तंत्र कृष्णविवरांवरही चालतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले सुहृद मोरे आणि अनुप्रीता मोरे जपानी नेतृत्वाखालच्या ज्या चमूत होते, त्यानं हवाईतल्या सुबारू दुर्बिणीनं २०१४ च्या नोव्हेंबरात एकाच रात्री, सात तास, दर दोन मिनिटांनी देवयानी दीर्घिकेची छायाचित्रं घेतली. विश्वारंभीची चिमुकली कृष्णविवरं हेच विश्वातलं सगळं न दिसणारं कृष्णद्रव्य असेल, तर हजारभर चमका दिसायला हव्या होत्या. संशयित सापडली एकच. निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला.

सूक्ष्मभिंगाचे बहुतेक ग्रह मात्र मूळ नक्षत्राच्या पलीकडे, धनू राशीच्या दिशेला सापडलेत. वडगाव निंबाळकरच्या शिवारातून ही दिशा सहज दिसते. सर्वपित्री अमावास्येला आभाळ निवळलं, तर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गावातले दिवे पाठीशी घेऊन दक्षिण-नैर्ऋत्येला पाहा. विंचवाच्या नांगीच्या डावीकडचा तो धुरकट पट्टा.