पातळ रंगाचे मर्म

विमानाची १/७२ प्रमाणातील प्लास्टिकची प्रतिकृती पाहिली, म्हणजे तिच्या अंगावरील पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा केसाइतक्या बारीक दिसतात. अशा प्रतिकृतीवर रंगाचा केवळ ०.१ मिलिमीटर जाड थर चढला, तरी प्रत्यक्ष विमानाच्या हिशेबाने तो ७.२ मिलिमीटर जाडीचा लेप होईल! कित्येक आठवडे खपून केलेले काम त्याखाली बुजून जाते. म्हणूनच जाणकार कारागीर तुषार उडविणारा एअरब्रश हाती घेतो. आणि मग रंग पातळ करण्याचा प्रश्न उभा राहतो.

एअरब्रशच्या टोकाशी निमुळती तोटी असते, तिच्यात मागेपुढे सरकणारी सुई असते आणि भोवतालून वेगाने हवा सुटते. ही हवा रंगाला ओढून घेऊन त्याचे तुषार करते. तोटीचे छिद्र बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटरांचे. बाटलीतील दाट रंग त्यातून जावा कसा?

त्यात पाणी घालावे, हे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक रंगात रंगद्रव्याचे आणि राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले, की राळेचे कण एकजीव होतात आणि रंगद्रव्याला धरून ठेवणारा पापुद्रा तयार होतो. पाण्याचा अतिरेक झाला, तर राळ विरळ होऊन ही पकड सुटते. शिवाय पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्याने, अळवाच्या पानावर पडावे तसे त्याचे थेंब गुळगुळीत प्लास्टिकवर गोळा होतात. पृष्ठताण कमी करणारी आणि रंगाचे वाळणे लांबविणारी द्रव्ये थिनरमध्ये घालतात, ती याचसाठी.

मात्र एकच थिनर सर्व रंगांना मानवत नाही. जपानच्या तामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग अल्कोहोलयुक्त थिनरमध्ये उत्तम मिसळतात. स्पेनच्या वाय्येहो कंपनीच्या पाण्यावरील रंगांत तेच अल्कोहोल पडले, तर गुठळ्या होण्याचा धोका असतो. ज्याचा रंग, त्याचाच थिनर, हा नियम सुरक्षित होय.

प्रमाण किती? रंगारंगांत दाटपणा वेगळा असल्याने ठरावीक आकडा उपयोगी पडत नाही. थेंबाथेंबाने थिनर घालीत ढवळावे. वाटीच्या कडेला लावलेला रंग दुधासारखा ओघळला आणि मागे पातळ पापुद्रा राहिला, म्हणजे मिश्रण साधले. मग हवेचा दाब सुमारे १५ ते २० पौंड प्रति चौरस इंच ठेवून टाकाऊ प्लास्टिकवर परीक्षा घ्यावी. तोटी तुंबली किंवा पृष्ठभाग खरखरीत झाला, तर रंग दाट आहे. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले, तर तो फार पातळ आहे, किंवा दाब अधिक आहे. फवारा मारताना खोलीत हवा खेळती असावी, नाकातोंडावर योग्य मुखवटा असावा आणि अल्कोहोलजवळ ज्योत नसावी.

पहिला थर फिकाच दिसतो, आणि तो तसाच दिसावा. तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा, असे विरळ थर चढत जातात. शेवटी प्रतिकृतीला रंग तर पुरता लाभतो. परंतु सांध्यांची एकही रेषा हरवत नाही.