आजी युद्धात काय करीत होती?

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण वाचतो तो चर्चिल, हिटलर, रोमेल यांचा. परीक्षेपुरता तो पुरतोही. पण इंग्लंडमधील सामान्य घरांतून गेली कित्येक वर्षे एक निराळाच इतिहास शोधला जात आहे. घरातली म्हातारी आजी वारते. तिचे कपाट आवरताना तळाशी एक छायाचित्र सापडते. गणवेशातली वीस-बावीस वर्षांची मुलगी, मागे समुद्रकाठचा कठडा, एखादे हॉटेल. पाठीमागे पेन्सिलीने गावाचे नाव आणि साल. आजीने जन्मभर सांगितलेले एवढेच असते, "युद्धात मी ऑफिसात काम करीत होते." ते ऑफिस कोणते, आणि ते समुद्राकाठी का होते, हे तिला कोणी विचारलेले नसते.

समुद्राकाठीच का, याचे उत्तर सोपे आहे. ब्रायटन, फोकस्टन, स्कारबरो, मोरकम, ब्लॅकपूल ही सारी सुटीत हवा खायला जाण्याची गावे. युद्ध सुरू झाले तशी सुटीची चैन आटली. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर तर शत्रू उतरेल या धास्तीने वाळूत काटेरी तारा आल्या. मोठमोठी हॉटेले रिकामी पडली आणि सरकारने ती सैनिकांच्या निवासासाठी ताब्यात घेतली. ब्रायटनजवळची रोडीन ही मुलींची प्रसिद्ध शाळासुद्धा नौदलाकडे गेली. मोरकमच्या फरसबंदी किनाऱ्यावर हवाई दलात नव्याने भरती झालेल्या मुली कवायत करीत.

या मुली तीन दलांत विभागलेल्या होत्या. भूदलाची ती ए. टी. एस., १९३८ साली स्थापन झालेली. हवाई दलाची 'वाफ'. आणि नौदलाच्या महिला शाखेतल्या त्या 'रेन'. इंग्रजीत या नावाचा एक चिमुकला पक्षीही आहे, त्यामुळे हे नाव लोकांच्या तोंडी चटकन बसले. डिसेंबर १९४१ मध्ये कायदा होऊन वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रसेवेची सक्ती झाली. १९४४ साली एकट्या 'रेन'ची संख्या चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात होती. म्हणजे हा प्रश्न पाच-दहा घरांचा नव्हे.

शोधाला पहिले साहाय्य छायाचित्राचेच होते. टोपी कसली, बाहीवरचे चिन्ह कसले यावरून दल कळते. 'रेन' अधिकाऱ्यांच्या बाहीवरची पट्टी नौदलातील पुरुषांप्रमाणे सोनेरी नसून निळी असे. पदकांचा मात्र उपयोग थोडा. त्या युद्धातील ब्रिटिश पदकांवर सामान्यतः धारकाचे नाव कोरलेले नाही, आणि पुष्कळ बायकांनी ती मागितलीच नाहीत.

खरी अडचण येते ती नावाची. नातवंडांना आजी ठाऊक असते ती आजोबांच्या आडनावाने. सैन्यात ती नोंदली गेली माहेरच्या आडनावाने, आणि युद्ध चालू असताना लग्न झाले असेल तर एकाच फायलीत दोन आडनावे. लग्नाच्या सरकारी सूचीत १९१२ च्या आरंभापासून नावापुढे जोडीदाराचे आडनावही दिलेले आहे. म्हणून आजोबांच्या नावावरून मागे जाता येते. त्याहून मौल्यवान म्हणजे १९३९ ची नोंदवही. २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रे देण्यासाठी घरोघर माणसे मोजली गेली. १९३१ च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले, १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. तेव्हा १९२१ ते १९५१ या तीस वर्षांत घराघराची यादी म्हणून हीच काय ती उरली. पुढे ही वही आरोग्यसेवेच्या कामी लागली, त्यामुळे कारकून ती कित्येक वर्षे दुरुस्त करीत राहिले. मुलीचे लग्न झाले की जुने आडनाव खोडून वर नवे लिहीत. एका कारकुनाच्या लेखणीने केलेली ही खाडाखोड आज माहेर आणि सासर यांना जोडणारा पूल ठरली आहे. दप्तरातल्या खाडाखोडीचा असा उपयोग होईल असे त्या कारकुनाच्या स्वप्नातही आले नसेल! मोजणीच्या दिवशी जी आधीच लष्करी छावणीत होती ती मात्र या वहीत सापडायची नाही.

नाव आणि जन्मतारीख हाती आली की सेवापुस्तक मागवायचे. ही पुस्तके पूर्वी संरक्षण खात्याकडेच असत. २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाऊ लागली. मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. मृत्यूला पंचवीस वर्षे झाली नसतील तर जवळच्या वारसाच्या संमतीवाचून फारसे काही देत नाहीत.

पुस्तक हाती आले तरी ते वाचता आले पाहिजे. नौदलाची रीत अशी, की जमिनीवरच्या ठाण्यालाही ते जहाजच म्हणतात. 'एच. एम. एस. बीहाइव्ह' हे वाचून आजी समुद्रावर गेली होती असे कोणी समजू नये. ते फेलिक्स्टो या किनाऱ्यावरच्या गावातील ठाणे. कोणाच्या पुस्तकात 'पेम्ब्रोक पाच' आणि 'विशेष काम' एवढेच असते. ही मुलगी बहुधा ब्लेचली पार्कमध्ये होती, जिथे जर्मनांची 'एनिग्मा' ही सांकेतिक लिपी उलगडली जाई. कागद खोटे बोलत नाही, पण खरे ते आडपडद्याने सांगतो.

स्कारबरोची कथा याच जातीची. या गावी पहिल्या महायुद्धापासून नौदलाचे बिनतारी संदेश ऐकण्याचे केंद्र होते. दुसऱ्या महायुद्धात कानाला श्रवणयंत्र लावून मुली तिथे पाळीपाळीने बसत आणि जर्मन पाणबुड्यांचे संदेश मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून अक्षर अक्षर टिपून घेत. चार-चार अक्षरांचे गट, अर्थ शून्य. एक अक्षर चुकले तर पुढे उलगडणाऱ्याचे काम अडे. टिपलेला कागद दूरमुद्रकाने ब्लेचलीला जाई. तिथे त्यातून काय निघाले हे टिपणारीला सांगण्याची पद्धत नव्हती. गुप्ततेची शपथ घेतलेली, त्यामुळे घरीही बोलायचे नाही. १९७४ साली विंटरबॉथम या निवृत्त अधिकाऱ्याचे पुस्तक निघून ब्लेचलीचे रहस्य फुटले, तोवर तीस वर्षे लोटली होती. त्यानंतरही कित्येकींनी तोंड उघडले नाही; सवय जडली होती. सरकारने हयात असलेल्यांना स्मरणचिन्ह दिले ते २००९ मध्ये. "ऑफिसात काम करीत होते" हे आजीचे वाक्य असे होते. ते खोटे नव्हते, पुरे मात्र नव्हते.

आणि ऑफिसातले काम म्हणजे सुरक्षित काम, हेही खरे नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये जिब्राल्टरला जाण्यासाठी एकवीस 'रेन' आपण होऊन पुढे आल्या. काही गुप्तलिपीच्या अधिकारी, काही संदेश टिपणाऱ्या. या टिपणाऱ्या स्कारबरोत काम केलेल्या होत्या. लिव्हरपूलहून निघालेल्या काफिल्यातील 'अग्विला' या जहाजावर त्या होत्या, सोबत नौदलाची एक परिचारिका. १९ ऑगस्टला यू-२०१ या जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. बावीसांपैकी एकही मुलगी वाचली नाही. ज्या पाणबुड्यांचे बोलणे त्या रात्र रात्र ऐकत, त्यांतलीच एक. पुढे 'अग्विला रेन' या नावाची एक जीवरक्षक नौका वेल्सच्या किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथ गावी अनेक वर्षे बुडत्यांना काढण्याचे काम करीत होती. या मुलींची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत आहेत आणि ती यादी कोणालाही पाहता येते. युद्धात मृत्यू आलेली स्त्री अशी सापडते. जगून, लग्न करून, म्हातारी होऊन गेलेली सापडणेच अधिक कठीण!

आपल्याकडेही अशा आज्या होत्या. १९४२ मध्ये हिंदुस्थानात 'विमेन्स ऑक्झिलरी कोअर' स्थापन झाली आणि तिच्यातून नौदलाची महिला शाखा निघाली. तिच्यातील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ साली ब्रिटनमधील 'रेन'चे काम पाहण्यासाठी गेल्या होत्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील रोसाइथ येथे घेतलेले त्यांचे साडीतील छायाचित्र लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. त्यांचे नाव राहिले. बाकीच्या हजारो जणींचा माग काढू पाहणाऱ्याला तीच नावाची अडचण येणार, आणि आपल्याकडे ती दुप्पट आहे. इंग्लंडमध्ये लग्नानंतर मुलीचे आडनाव तेवढे बदले. आपल्याकडे पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून पहिले नावही पुसले जाई.