अरण्यांतील नदी आणि एका दिवसाची सफर

एका दिवसाच्या सहलीचा बेत करणें शहरांतील कुटुंबाला अवघड वाटत नाहीं. गाडीची वेळ पाहावी, फराळाचे डबे भरावे, छत्री विसरूं नये, कीं बेत पुरा झाला. परंतु ज्या सहलींत वाहनाचें काम रबरी तराफा करतो आणि रस्त्याचें काम डोंगरांतून उसळत जाणारी नदी करते, तेथें हा नेहमींचा क्रम पुरा पडत नाहीं. अशा सहलीचें वेळापत्रक पाणी ठरवीत असतें. आणि पाण्यानें आपला बेत बदलला तर माणसानेंही बदलावा, एवढी तयारी घरून निघतांनाच झालेली असावी लागते.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागांत, क्वीन्सलंड राज्यांत, टली नांवाची नदी आहे. केर्न्स शहराहून दक्षिणेस मोटारीनें सुमारें दोन तास गेलें म्हणजे याच नांवाचें गांव लागतें. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे येथील डोंगरांस अडतात आणि मुसळधार पाऊस पडतो. वर्षाची सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक आहे. म्हणजे वर्षाचा सारा पाऊस सांठवून ठेवला तर त्यांत दोन पुरुष बुडतील. १९५० सालीं तर ७,९०० मिलिमीटर पावसाची मजल गांठली गेली, आणि त्या विक्रमाची आठवण म्हणून गांवकऱ्यांनीं ७.९ मीटर उंचीचा एक सोनेरी पावसाळी बूट उभारला आहे. या पावसावर पोसलेलें सदाहरित अरण्य १९८८ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. कॅसोवरी नांवाचा, उडूं न शकणारा माणसाएवढा पक्षी येथें राहतो. आणि ज्याच्या पानाचा नुसता स्पर्श झाला तरी दीर्घकाळ आग होते, असें एक झाडही येथें उगवतें. म्हणून काठावर उतरल्यावर दिसेल त्या पानास हात लावूं नये, हा पहिला नियम.

इतका पाऊस असूनही तराफ्याची सफर केवळ पावसावर चालत नाहीं. नदीच्या वरच्या अंगास कुंबुलुंबा नांवाचें धरण आहे. तेथील पाणी करीया येथील वीजघरांतील यंत्रें फिरवून खालच्या दरींत सोडलें जातें, आणि तराफे त्या सोडलेल्या पाण्यावर चालतात. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ही व्यवस्था नवी वाटूं नये. १९२१ सालीं सुरू झालेल्या सत्याग्रहामुळें ज्या मुळशीचें नांव घरोघर झालें, तेथील धरणाचें पाणी घाट उतरून भिरा येथील वीजघरांत येतें आणि पुढें कुंडलिका नदीस मिळतें. कोलाडजवळचे तराफे सकाळच्या प्रहरीं सुटतात, त्याचें कारण हेंच कीं, पाणी त्या वेळीं सोडलेलें असतें. तेव्हां टलीच्या काय किंवा कुंडलिकेच्या काय, सफरीचा बेत करणारानें प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘निघावयाचें केव्हां?’ हा नसून ‘पाणी केव्हां व किती सुटणार?’ हा आहे.

परंतु सोडलेल्या पाण्यांत आभाळाचें पाणी मिसळलें म्हणजे हिशेब बदलतो. दरीच्या माथ्यावर पडलेला पाऊस खालीं उभ्या असलेल्या माणसास दिसत नाहीं. डोक्यावर ऊन असतां पाणी गढूळ होऊं लागतें, काड्याकचरा वाहून येतो, आणि मघाचा खडक बुडालेला दिसतो. क्वीन्सलंडच्या या भागांत डिसेंबर ते एप्रिल हा पावसाचा व चक्रीवादळांचा काळ असतो. २०११ च्या फेब्रुवारींत यासी नांवाचें प्रचंड वादळ टलीजवळच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलें होतें. म्हणून नवशिक्यानें शक्य तर कोरडा हंगाम निवडावा, हवामानखात्याचा अंदाज पाहावा, आणि तो गांवाचा न पाहतां नदीच्या वरच्या खोऱ्याचा पाहावा.

नद्यांच्या खळाळांची प्रतवारी एकपासून सहापर्यंत केली जाते. पहिल्या प्रतीचें पाणी जवळजवळ संथ, तर सहाव्या प्रतीचें जिवावर बेतणारें समजावें. टलीवरील सफरीचे टप्पे सामान्यतः तिसऱ्या व चौथ्या प्रतींत मोडतात. मात्र ही प्रत नदीच्या नेहमींच्या पातळीस धरून दिलेली असते; पातळी वाढली कीं कालचा तिसऱ्या प्रतीचा खळाळ आज चौथ्या प्रतीचा ठरूं शकतो. यामागचें गणित साधें आहे. एक घनमीटर पाण्याचें वजन एक टन भरतें. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर वाटेंत आलेल्या वस्तूवरील त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाणी पाहून ‘यांत कोण बुडतो?’ असें म्हणणारा मनुष्य हें गणित विसरलेला असतो.

याच कारणास्तव तराफ्यांतून पडलेल्यानें वाहत्या पाण्यांत उभें राहण्याचा प्रयत्न कदापि करूं नये. दगडांच्या खांचेंत पाऊल अडकलें तर प्रवाह माणसास पुढें लोटून पाण्याखालीं दाबून धरतो. त्यानें उताणें तरंगावें, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेस ठेवावे, आणि खडक आला तर तो पायांनीं झेलावा. काठावरून दोर फेंकला गेला तर तो हातानें धरावा, मनगटास मात्र गुंडाळूं नये. अरण्यांतील नदींत आणखी एक धोका असतो, तो पडलेल्या झाडांचा. फांद्यांतून पाणी निघून जातें, माणूस मात्र अडकून राहतो.

या सर्व ज्ञानाचा भार ज्याच्यावर असतो तो वाटाड्या, म्हणजे कोंकणच्या होडीवरील तांडेलच होय. ‘पुढें’, ‘मागें’, ‘थांबा’, ‘खालीं बसा’ या त्याच्या चार आज्ञा ऐकतांक्षणीं पाळल्या जाव्या. निघण्यापूर्वी त्याला विचारण्यास संकोच करूं नये: या पातळीच्या पाण्यांत तो किती वेळां उतरला आहे, सोबतीस बचावाची छोटी नाव अथवा दुसरा तराफा असेल काय, आणि दरींतून मधेंच बाहेर पडण्याची वाट कोठें आहे? उलट बाजूनें त्यालाही खरें उत्तर मिळाले पाहिजे. हृदयविकार, फेफरें, दमा, गरोदरपण अथवा पोहतां न येणें यांपैकीं कांहीं भिडेखातर लपविलें, तर त्याचा परिणाम एकट्यावर होत नसून तराफ्यांतील सर्वांवर होतो.

पोशाखाची बाब थोडक्यांत सांगतां येईल. शिरस्त्राण व तरंगतें जाकीट घट्ट बांधलेलें असावें; खांद्याशीं धरून वर ओढलें तर जाकीट हलूं नये. सुती कपडे भिजून जड होतात व अंग गार पाडतात. पायांतील जोडे बांधलेले असावे, चष्म्यास दोरी असावी, आणि दम्याचें औषध जलाभेद्य पिशवींत वाटाड्याजवळ द्यावें.

शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा राहून जाते. सफर रद्द करण्याची सोय बेतांतच करून ठेवावी. पैसे कोणत्या अटीवर परत मिळतात तें आधीं विचारावें. एक दिवस हातीं मोकळा ठेवावा. परतीचें विमान त्याच रात्रीचें घेऊं नये. कारण दूरवरून खर्च करून आलेल्या माणसास नदीकाठावरून परत फिरणें जड जातें, आणि त्या एका जड क्षणीं तो वाटाड्यास गळ घालूं लागतो. ज्याच्या हातीं उद्यांचा दिवस असतो, त्याला आजचें ‘नाहीं’ सहज ऐकतां येतें. मग तो तराफा झाडाला तसाच बांधलेला राहिला तरी अरण्य समोर असतेंच, पाऊस पानांवर वाजत असतो, आणि मुलें काठावर सुखरूप उभीं असतात.